मालगुडीकर

मराठी वाचकाच्या मनातील म्हैसूर हे मुख्यतः इतिहासाचे म्हैसूर आहे. हैदर, टिपू, पेशव्यांच्या कर्नाटकातील स्वाऱ्या, श्रीरंगपट्टणचा वेढा ही त्याची चित्रे. आपल्या कादंबरीचे पितामह हरिभाऊ आपटे ऐतिहासिक कादंबरीकडे प्रथम वळले, तेही 'म्हैसूरचा वाघ' लिहून. पुढे यात्रा-सहलींच्या निमित्ताने या चित्रांत राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि चामुंडीची टेकडी यांची भर पडली, इतकेच. परंतु विसाव्या शतकात म्हैसूरचे नाव ज्याने दूरदेशींच्या वाचकांपर्यंत पोहोचविले, तो ना राजा होता ना सेनापती. हातात छत्री घेऊन रोज बाजाराच्या रस्त्याने फिरणारा, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारणारा असा तो एक साधा गृहस्थ होता. आणि गंमत अशी की, त्याने आपल्या पुस्तकांत त्या गावाला म्हैसूर असे म्हटलेच नाही. त्याने त्याचे नाव ठेवले मालगुडी.

आर. के. नारायण यांचे चरित्र आणि लेखन यांविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी ते पुन्हा सांगावे असे वाटते, याला एक कारण आहे. २०११ साली म्हैसूरच्या यादवगिरी भागातील त्यांचे घर पाडण्यास आरंभ झाला. वृत्तपत्रांतून हाकाटी झाली, पाडकाम थांबविण्यात आले, आणि शासनाने ते घर घेऊन तेथे स्मारक करावे अशी कल्पना पुढे आली. त्यावर काही कन्नड साहित्यिकांनी जाहीर हरकत घेतली. हे लेखक तमिळ घरचे, त्यांनी लिहिले ते इंग्रजीत, कन्नड साहित्यात त्यांनी एका ओळीची भर घातली नाही. मग कन्नड जनतेच्या पैशाने त्यांचे स्मारक का व्हावे, असा तो सवाल होता. हा सवाल क्षुद्र म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. निदान आपल्यासारख्या, परप्रांती घरे करून राहिलेल्या आणि तेथे आपली भाषा जपू पाहणाऱ्या मंडळींनी तरी तो झटकू नये. मनुष्य कोणत्या गावचा, हे कशावरून ठरवावयाचे? जन्मावरून, भाषेवरून, की आणखी कशावरून?

नावापासूनच आरंभ करू. 'आर. के. नारायण' यातील 'आर' म्हणजे राशिपुरम्. हे तमिळ मुलखातील सेलमजवळचे गाव. 'के' म्हणजे वडिलांचे नाव, कृष्णस्वामी. तमिळ लोकांत आडनाव नसते. पूर्वजांच्या गावाचे आद्याक्षर नावापुढे येते. आपल्याकडे तेच गाव 'कर' प्रत्यय लागून नावाच्या शेवटी येते. पद्धत निराळी, भावना एकच. आणि विसंगतीही एकच. कारण ज्या गावाचे नाव आपण मिरवितो, त्या गावी आपण कधी गेलेलो असतोच असे नाही. नारायण यांचा जन्म राशिपुरम् येथे झाला नाही. तो १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासेत झाला. वडील म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात, बदलीची नोकरी, घरात लेकुरवाळा संसार. म्हणून हा मुलगा मद्रासच्या पुरसवाक्कम् भागात आजीजवळ वाढला. आजीने त्याला पाढे, श्लोक आणि पुराणकथा शिकविल्या. सोबतीला एक मोर आणि एक माकड होते. पुढे 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये जी आजी आली, ती या घरातून आली.

वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, तेव्हा नारायण म्हैसुरास आले. मुख्याध्यापकांचा मुलगा म्हणून शाळेचे वाचनालय त्यांना मोकळे होते. इंग्लंड-अमेरिकेची नियतकालिके तेथे येत, ती ते अधाशासारखी वाचीत. इतके वाचूनही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत हा मुलगा नापास झाला, आणि तोही इंग्रजी विषयात! ज्यांच्या इंग्रजी गद्याचे पुढे ग्रॅहॅम ग्रीनने कौतुक केले, त्यांची विद्येच्या दारातील पहिली ओळख ही अशी. त्या नापाशीने त्यांना एक वर्षाची सुटी मिळाली. ते वर्ष त्यांनी कुक्कनहळ्ळीच्या तलावाकाठी झाडाखाली पुस्तके वाचीत आणि चामुंडीच्या पायथ्याशी भटकत काढले. परीक्षापद्धतीविषयी त्यांच्या मनात जी अढी बसली, ती मात्र जन्मभर गेली नाही.

पुढे ते महाराजा कॉलेजात दाखल झाले आणि रखडत-रखडत १९३० साली बी. ए. झाले. याच कॉलेजात त्यांच्या थोडे पुढे एक विद्यार्थी होता, त्याची कथा येथे नारायणांच्या कथेशेजारी ठेवून पाहावी अशी आहे. मलनाडातून आलेल्या त्या विद्यार्थ्याचे नाव के. व्ही. पुट्टप्पा, कन्नड साहित्यात ते 'कुवेंपु' या नावाने अमर झाले. त्यांनीही आरंभी इंग्रजीतच कविता लिहिल्या होत्या आणि एक छोटासा संग्रहही छापला होता. आयरिश कवी जेम्स कझिन्स म्हैसुरास आले असता पुट्टप्पांनी आपल्या कविता त्यांना दाखविल्या. कझिन्स यांनी त्या वाचून सांगितले की, आपल्या मायबोलीत लिहा. तरुण कवी क्षणभर खट्टू झाला, पण तो सल्ला त्याच्या मनात रुजला, आणि कन्नड भाषेला तिचा महाकवी मिळाला. १९६७ सालच्या ज्ञानपीठ पारितोषिकाचा मान त्यांच्याकडे आला.

नारायण यांना असा कझिन्स भेटला नाही. भेटला असता तरी त्याने कोणता सल्ला दिला असता? मायबोलीत लिहा म्हणावे, तर मायबोली तमिळ आणि भोवतालचे गाव कन्नड. बाजारात कन्नड, स्वयंपाकघरात तमिळ, वर्गात आणि वाचनात इंग्रजी, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा. त्यांपैकी जी भाषा मनाला आपसूक वळली, ती त्यांनी घेतली. हा निर्णय त्यांनी कोणत्याही वादाच्या भरात घेतला नाही, आणि त्याचे समर्थनही फारसे केले नाही. इंग्रजी ही आपल्याला म्हैसूरच्या वाचनालयात भेटलेली भाषा आहे, इतकी साधी त्यांची भूमिका होती.

एम. ए.साठी अर्ज देण्याकरिता ते कॉलेजचा जिना चढत असता वाटेत एक मित्र भेटला. साहित्याचा अभ्यास पदवीसाठी करशील तर साहित्यावरचे प्रेम गमावून बसशील, असे त्याने बजावले. नारायण त्याच पावली जिना उतरले. मग वडिलांच्या भिडेखातर चन्नपट्टण येथे शिक्षकाची नोकरी धरली, ती अल्पकाळच टिकली. कसरतमास्तरांच्या जागी उभे राहण्याचा हुकूम झाला आणि नारायण घरी परतले. आपण कादंबऱ्या लिहून पोट भरणार, असे त्यांनी घरात सांगितले. १९३० साली हिंदुस्थानात इंग्रजी कादंबरीवर पोट भरू पाहणे म्हणजे वाळूत नांगर धरण्यासारखे होते. परंतु आजीने विजयादशमीचा मुहूर्त काढून दिला, नवी वही आली, आणि त्या दिवशी बंगळुरास बसून त्यांनी लेखनाला आरंभ केला. पहिल्याच दिवशी एक छोटेसे रेल्वेस्टेशन डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्याचे नाव 'मालगुडी' असे सुचले. बंगळूरच्या मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या वस्त्यांची नावे जोडून ते झाले असे कोणी म्हणतात. खुद्द लेखक मात्र ते आपोआप सुचले असेच सांगत. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. नारायण यांनी त्या दसऱ्याला जी सीमा ओलांडली, तिच्या पलीकडे त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

पहिल्या वर्षीची लेखनाची कमाई नऊ रुपये बारा आणे. ती कथेची नव्हे, तर एका रुक्ष कायदेविषयक पुस्तकाच्या परीक्षणाची होती. १९३३ साली ते बहिणीकडे कोइमतुरास गेले असता रस्त्यावरील नळावर पाणी भरणारी एक मुलगी त्यांनी पाहिली आणि तिच्याशी लग्न करण्याचे ठरविले. पत्रिका जुळेना, मंगळ आड आला. ज्योतिष्यांनी अशुभ भाकित केले. तरीही नारायण हट्टाला पेटले आणि राजम् त्यांच्या घरी आली. संसार आला, तशी कमाईही हवी झाली. मद्रासच्या 'जस्टिस' पत्राचे म्हैसूरचे वार्ताहर म्हणून ते काम करू लागले. हे पत्र ब्राह्मणेतर पक्षाचे आणि वार्ताहर अय्यर ब्राह्मण, हा योगही मौजेचाच. मजकुराचा मोबदला कॉलमाच्या इंचावर मिळे. त्यामुळे कोर्टकचेऱ्या, पोलीसठाणी, नगरपालिकेच्या सभा, बाजारातील भांडणे असे सारे शहर त्यांना रोज पायाखाली घालावे लागे. मालगुडीचे वकील, दलाल, पुढारी आणि थापाडे त्यांना या फेऱ्यांत भेटले. बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा रस्ता म्हैसूरच्या मध्यवस्तीतून जातो. त्या रस्त्याने चालणाऱ्या या माणसाला गावातील दुकानदार ओळखीत, पण लेखक म्हणून नव्हे. हेडमास्तरांचा मुलगा म्हणून.

इकडे 'स्वामी अँड फ्रेंड्स'चे हस्तलिखित लंडनच्या एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे हिंडत होते आणि नकार घेऊन परत येत होते. शेवटी निराश होऊन नारायण यांनी ऑक्सफर्ड येथे शिकणाऱ्या आपल्या पूर्णा नावाच्या मित्राला लिहिले की, त्या कागदांना दगड बांध आणि टेम्स नदीत बुडवून टाक. आपल्या वाङ्मयाला नदीत बुडविण्याची कथा नवी नाही. इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या परत केल्याचे आपण श्रद्धेने सांगतो. येथे इंद्रायणीचे काम ग्रॅहॅम ग्रीन या तरुण इंग्रज कादंबरीकाराने केले. पूर्णाने ते हस्तलिखित टेम्समध्ये न टाकता त्यांच्याकडे नेऊन दिले. ग्रीन यांनी ते वाचले, प्रकाशक मिळवून दिला, लांबलचक तमिळ नाव छाटून सुटसुटीत करण्याचाही सल्ला दिला, आणि १९३५ साली पुस्तक बाहेर पडले. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ हे दोघे केवळ पत्रांतून मित्र होते. भेट त्यानंतर लंडनला झाली.

पुस्तके निघाली, पण खपली नाहीत. 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' १९३७ साली एका प्रकाशकाने काढले, 'द डार्क रूम' १९३८ साली दुसऱ्याने. पुस्तक पडले की प्रकाशक पाठ फिरवी. अशातच १९३९ साली राजम् विषमज्वराने गेली. मागे हेमा नावाची लहान मुलगी राहिली. नारायण यांनी पुन्हा लग्न केले नाही. कित्येक महिने त्यांच्या हातून काही लिहून झाले नाही. पुढे 'द इंग्लिश टीचर' या १९४५ सालच्या कादंबरीत त्यांनी हे दुःख सांगितले. पूर्वार्धात संसारातील लहानसहान आनंद आणि पत्नीचे आजारपण, उत्तरार्धात मृत पत्नीशी संवाद साधण्याची धडपड. परलोकविद्येचा तो भाग अनेकांना पटत नाही. आम्हांलाही तो पूर्वार्धाइतका सकस वाटत नाही. परंतु आजाऱ्याच्या खोलीतील ती प्रकरणे वाचताना भाषा कोणती हा प्रश्न मनात येत नाही. तापाचे आकडे, औषधाच्या वेळा, डॉक्टरच्या पावलांची वाट, बाहेर खेळणारे मूल, एवढ्याच साधनांनी ती लिहिलेली आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने विलायतेच्या प्रकाशकांशी दळणवळण तुटले, तेव्हा नारायण यांनी म्हैसुरातच 'इंडियन थॉट' या नावाने आधी नियतकालिक आणि मग प्रकाशन काढले. नियतकालिकाचे तीनच अंक निघाले. परप्रांतात नियतकालिक चालविणे म्हणजे काय, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यांना या तीन अंकांची कहाणी निराळी सांगावयास नको. पण प्रकाशन टिकले, आणि त्या छापखान्याच्या उठाठेवीतून 'मिस्टर संपत' ही कादंबरी त्यांना मिळाली. तो नुसत्या आश्वासनांवर जगणारा मुद्रक प्रत्येक मराठी संपादकाला कुठेतरी भेटलेला असतो.

आता अमेरिकेकडे वळू. कारण नारायण यांच्या भाग्याचे पुढचे दार तिकडे उघडले. १९५२ साली इंग्लंडात 'द फायनान्शियल एक्सपर्ट' निघाली. सहकारी बँकेसमोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसणारा आणि अडाणी कुणब्यांना कर्जाचे अर्ज भरून देणारा मार्गय्या हा तिचा नायक. त्याच सुमारास मिशिगन स्टेट कॉलेजच्या मुद्रणसंस्थेने त्यांची पुस्तके अमेरिकेत काढण्यास घेतली. न्यूयॉर्कच्या बड्या पेढ्यांनी नव्हे, तर शेतकीसाठी नावाजलेल्या एका प्रांतिक महाविद्यालयाने हे काम केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सहकारी पतपेढ्या, शेतकऱ्याचे कर्ज आणि लहान गावातील सावकारी हे विषय मिशिगनला परके नव्हते.

१९५६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या निमंत्रणावरून नारायण प्रथमच परदेशी गेले. वय पन्नास. अमेरिकेतील या मुक्कामावर त्यांनी एक खुसखुशीत रोजनिशी लिहिली. शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल, अध्यात्माची चौकशी करणारे यजमान, ग्रेटा गार्बोची भेट असे बरेच तीत आहे. परंतु त्या मुक्कामाचे खरे फळ निराळे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एका हॉटेलात खोली घेऊन त्यांनी रोज नेमाने काही पाने लिहिली आणि काही महिन्यांत 'द गाइड' पुरी केली. तिचे बीज मात्र म्हैसूरचे होते. एका वर्षी पाऊस पडला नाही, कावेरी आटली, धरणाचा तळ उघडा पडला. तेव्हा काही ब्राह्मणांनी उरल्यासुरल्या पाण्यात उभे राहून उपवास आणि जप केला, आणि योगायोग असा की पाऊस पडला. हे त्यांनी पाहिले-ऐकलेले होते. त्यावरून त्यांना प्रश्न सुचला : असा उपवास एखाद्या खोट्या साधूवर लोकांनी लादला तर? तुरुंगातून सुटलेला राजू नावाचा वाटाड्या पडक्या देवळात येऊन बसतो, खेडुत त्याला महात्मा समजतात, आणि शेवटी त्यांच्या श्रद्धेखातर त्याला खरोखरच उपाशी राहावे लागते. खोट्याचे खरे होते की काय, हे लेखक सांगत नाही. समोर अमेरिकेचे रस्ते असता हा मनुष्य आटलेल्या कावेरीचे वर्णन लिहीत होता. परदेशात गेल्यावरच आपले गाव अधिक स्पष्ट दिसते, हा अनुभव घर सोडून राहिलेल्या कोणालाही नवा नाही. कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि इंग्रजी ग्रंथाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

'गाइड'वर देव आनंद यांनी काढलेला हिंदी चित्रपट ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. त्याच वेळी त्याची एक इंग्रजी आवृत्तीही निघाली होती, हे तितकेसे ठाऊक नसते. तिची पटकथा लिहिण्यात पर्ल बक यांचा हात होता. १८९२ साली जन्मलेल्या या अमेरिकन कादंबरीकर्त्रीची हकिकतही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलकी आहे. आईबाप मिशनरी, काही महिन्यांची असतानाच तिला चीनमध्ये नेण्यात आले. ती यांगत्सेकाठच्या चेन्च्यांग गावी वाढली आणि चिनी भाषा लहानपणापासून बोलली. चिनी शेतकऱ्याच्या जीवनावर तिने लिहिलेली 'द गुड अर्थ' १९३१ साली निघाली, आणि १९३८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. हे चिनी जीवन नव्हे असे म्हणणारे चिनी टीकाकार तेव्हाही होते. अमेरिकेतही तिला पुरती अमेरिकन लेखिका मानावयास मंडळी कचरत. दोन्ही घरचा पाहुणा!

एवढी जाणती लेखिका हाताशी असूनही चित्रपटात मालगुडी उतरली नाही. नारायण यांनी निर्मात्यांना म्हैसूरच्या परिसरातील नदीकाठ, देवळे, गल्ल्या हौसेने हिंडून दाखविल्या. मंडळींनी त्या पाहिल्या, वाखाणल्या, आणि चित्रण केले ते जयपूर-उदयपुरास! पडद्यावर भव्यता हवी होती. मालगुडीला भव्यता नाही. इंग्रजी चित्रपट १९६५ साली अमेरिकेत आला आणि विसरला गेला. हिंदी चित्रपट गाजला. त्याचे गुण निराळे आहेत, तो विजय आनंद आणि सचिनदेव बर्मन यांचा 'गाइड' आहे. नारायण यांनी या सर्व प्रकरणावर एक लेख लिहून आपली नापसंती हसत-हसत नोंदविली. गाव बदलले की गोष्ट बदलते, हे त्यांचे म्हणणे होते.

मालगुडीला न्याय मिळाला तो पुढे दूरदर्शनवर, 'मालगुडी डेज' या मालिकेत; आणि त्यात मराठीशी नाते असलेल्या माणसांचा वाटा मोठा होता. दिग्दर्शक शंकर नाग होन्नावरचे खरे, पण त्यांच्या नाट्यजीवनाची उमेदवारी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झालेली. स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कर्नाड माथेरानला जन्मलेले. रेखाटने आर. के. लक्ष्मण यांची, ते नारायण यांचे धाकटे बंधू. म्हैसुरात वाढलेला हा मुलगा मुंबईस आला आणि चौकटीचा कोट घातलेल्या 'कॉमन मॅन'च्या रूपाने त्याने रोज सकाळी मुंबईकराला त्याचाच चेहरा दाखविला. २०१५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. लक्ष्मण मराठीत लिहीत नव्हते. म्हणून ते मुंबईचे नव्हते असे कोणी मराठी माणूस म्हणेल काय?

नारायण यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मालगुडीत दुष्काळ येतो, पण भूक फारशी दिसत नाही. जात दिसते ती सोवळ्या-ओवळ्याच्या विनोदापुरती. स्वातंत्र्याचा लढा 'वेटिंग फॉर द महात्मा'त येतो, पण प्रेमकथेच्या आडोशाने. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ सालच्या आपल्या भारतविषयक पुस्तकात या अलिप्ततेवर बोट ठेवले होते. नारायण यांचा विनोद क्षमाशील आहे, आणि क्षमाशील विनोदाला काही गोष्टी दिसूनही न दिसल्यासारखे करावे लागते. तथापि जे त्यांनी पाहिले, ते खोटे पाहिले नाही. आणि मुलांच्या बाबतीत त्यांची अलिप्तता साफ गळून पडे. १९८६ साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले. तेथील आपल्या पहिल्या भाषणात ते बोलले ते शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याविषयी. पुढे त्या विषयावर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. इंग्रजीत नापास झालेल्या मुलाने साठ-पासष्ट वर्षांनी परीक्षकांना दिलेले ते उत्तर होते.

अखेरच्या वर्षांत ते मुलीच्या कुटुंबाजवळ राहावे म्हणून मद्रासला गेले. १९९४ साली हेमाही गेली. १३ मे २००१ रोजी चेन्नईत त्यांनी देह ठेवला. जन्मगाव आणि मरणगाव एकच. मधले सारे आयुष्य म्हैसूरचे.

आता त्या घराच्या वादाकडे परत येऊ. हरकत घेणाऱ्या कन्नड लेखकांचे दुःख खरे होते. आपल्या भाषेत आयुष्यभर झिजलेल्या लेखकांची घरे पडताना कोणी हाकाटी करीत नाही, आणि इंग्रजी लेखकाच्या घरासाठी मात्र देशभरची वृत्तपत्रे धावून येतात, ही वस्तुस्थिती कोणत्याही देशी भाषेच्या लेखकाला बोचणारच. आपल्यालाही ती बोचते. इंग्रजीला जे व्यासपीठ आयते मिळते ते मराठीला वा कन्नडला मिळत नाही, या अन्यायाची जबाबदारी नारायण यांच्यावर नसली, तरी त्याचा लाभ त्यांना झाला हे नाकारता येत नाही.

पण एवढ्यावर निकाल देता येईल काय? धारवाडकडे पाहावे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे वरकवी झाले. जी. ए. कुलकर्णी यांनी त्याच धारवाडात इंग्रजी शिकविले आणि मराठी कथा लिहिली. इतकेच नव्हे, तर कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराचे ओहायोतील अरण्य आणि तेथील वसाहतकऱ्यांचे जगणे धारवाडात बसून मराठीत आणले. बेंद्र्यांनी गावाची भाषा घेतली, जीएंनी घरची राखली, नारायण यांनी तिसरीच पत्करली. तिघांनाही त्यांच्या गावाने आपापल्या परीने पोसले. बेंद्रे कन्नडचे म्हणून आपल्याला परके वाटत नाहीत, आणि जीए मराठीचे म्हणून धारवाडला परके होत नाहीत. मग नारायण यांच्याच वेळी भाषेची वही का उघडावी? भाषा हा गावाशी नाते जोडण्याचा राजमार्ग आहे, हे खरे. पण तो एकमेव मार्ग नाही. एखादे गाव रोज पायी फिरून, त्यातील क्षुद्रातील क्षुद्र माणसाकडे न कंटाळता साठ वर्षे पाहत राहणे, हाही गावाचे ऋण फेडण्याचा एक मार्ग आहे.

यादवगिरीचे ते घर शेवटी वाचले. शहराच्या प्रशासनाने ते दुरुस्त केले आणि २०१६ साली तेथे संग्रहालय उघडले. वरच्या मजल्यावर अनेक खिडक्यांची ती लेखनाची खोली आहे. १९५०च्या आसपास कित्येक वर्षे खपून त्यांनी हे घर बांधून घेतले होते. शिवमोग्याकडील अरसाळू या लहानशा स्टेशनावर मालिकेचे काही चित्रण झाले होते. २०२० साली तेथेही मालगुडीचे संग्रहालय झाले. १९३०च्या दसऱ्याला वहीत उभे राहिलेल्या स्टेशनाला नव्वद वर्षांनी असे खरे रूळ मिळाले.

आपल्यापैकी अनेकांच्या नावांच्या शेवटी एखादे गाव असते. तीन-तीन पिढ्या तिकडे कोणी फिरकलेले नसते. तेथील वाडा पडलेला असतो, शेत दुसऱ्याच्या नावे झालेले असते. तरी ते गाव आपण सोडीत नाही. ते योग्यच आहे. पण ज्या गावचे पाणी आज आपण पितो, ज्याच्या बाजारात आपली मुले हिशेब शिकतात, त्या गावाकडे आपण नारायण यांच्यासारखे कधी निरखून पाहिले आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. राशिपुरम् या गावाचे आद्याक्षर नारायण यांनी जन्मभर नावापुढे लावले, आणि लिहिले ते दुसऱ्याच गावाविषयी. आपल्या रीतीने त्यांचे नाव लिहावयाचे झाले, तर ते 'नारायण मालगुडीकर' असेच लिहावे लागेल.